मोसमकाठचा उत्तर हिंदुस्थान

उत्तर हिंदुस्थानचा इतिहास पाहायला दिल्ली-लखनऊच गाठावे लागते असे नाही. सुट्टीत आम्ही नाशिकहून मालेगावला गेलो. मोसम नदीकाठचा नारोशंकरांचा भुईकोट किल्ला पाहिला आणि मोमीन वस्तीत शिरलो. यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याशीही मोठ्याने बोलावे लागत होते.

१८५७ च्या उठावानंतर आणि १८६२ च्या दुष्काळामुळे बनारसकडील अनेक विणकर कुटुंबे रोजीसाठी इथे आली. सोबत हातमागाचे कसब आले. १९३५ च्या सुमारास वीज आली, तसे यंत्रमाग सुरू झाले.

एका घरी चहा झाला. दादींच्या उर्दूत पूरबी वळण होते, अधूनमधून मराठी शब्दही. नातवाला आम्ही विचारले, “मूळ गाव कोणते?” तो म्हणाला, “मालेगाव!” दादी हसल्या. त्यांनी मऊचे नाव घेतले, जे त्यांनीही कधी पाहिलेले नव्हते.

वर्गात आम्ही १८५७ शिकवतो तो राजांचा आणि शिपायांचा. या विणकरांची हिजरत त्यात येत नाही. ती दादींच्या बोलण्यातच उरली आहे. आपल्या घरातही अशी दादी असेल, तर आजच तिच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.