एकच थाप, बाकी चोख हिशेब

काळप्रवासाची विनोदी गोष्ट लिहायला घेतली की मी आधी एक आकडा मांडतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगाने धावते. म्हणजे एखादे विक्षिप्त प्राध्यापक शनिवारवाड्यासमोर यंत्रात बसून तासभर मागे गेले आणि अवकाशातली जागा मात्र तीच राहिली, तर शनिवारवाडा त्यांच्यापासून लाखभर किलोमीटर लांब असेल. हा हिशेब पाठ असलेले प्राध्यापक आणि ‘सर, तासाभराचाच तर प्रश्न आहे’ म्हणणारा त्यांचा सहायक यांचं भांडण मग मला रचावं लागत नाही. ते त्या आकड्यातूनच उभं राहतं.

या लेखनाचं माझ्यापुरतं सूत्र एवढंच: गोष्टीला एक थाप माफ, त्यानंतरचा सगळा हिशेब चोख. काहीही घडू शकतं म्हटलं की कशाचंच नवल वाटत नाही, आणि नवल संपलं की हसूही संपतं.

हे मला शिकवलं ते जयंत नारळीकरांच्या कथांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. वेषांतर करून आलेल्या त्या खगोलशास्त्रज्ञाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलसंशोधन संस्था उभी करणाऱ्या या माणसाने ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ही लिहिली.

तिच्यातली थाप केवढी? १७६१ च्या पानिपतच्या लढाईत पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, एवढीच. मराठे जिंकलेल्या त्या निराळ्या इतिहासात पोचलेले पुण्याचे गंगाधरपंत मुंबईला जातात आणि खऱ्या इतिहासकाराप्रमाणे थेट ग्रंथालय गाठून इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. मग आझाद मैदानावर एक सभा दिसते. अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवलेले पंत ती पाहून अस्वस्थ होतात आणि जाऊन बसतात. पण त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढलेली असते! श्रोते खवळतात, आणि त्याच गदारोळातून पंत आपल्या जगात परततात. लिहिणाऱ्याने या खुर्चीचा अभ्यास करावा. विनोद पंतांच्या स्वभावातून येतो, त्या जगाच्या नियमावर आपटतो आणि कथानकही पुढे नेतो. एका खुर्चीत तिन्ही कामं.

वेष पालटून आलेला परग्रहवासी लिहिताना हीच शिस्त लागते. हिरव्या कातडीचा पाहुणा पुण्यात लपवायचा कसा? एप्रिलमध्ये स्कूटरवर बसवायचा. चेहऱ्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंतचे हातमोजे, अंगात सनकोट. स्वारगेटहून कात्रजपर्यंत कोणी वळूनही बघणार नाही. पण तो पकडला गेला पाहिजे, आणि पकडणारी चूक त्याच्या ग्रहावरून आलेली हवी. समजा त्याच्या आकाशात दोन सूर्य आहेत. मग सिग्नल लाल झाल्यावर सगळ्या दुचाक्या मागे झाडाच्या सावलीत थांबतील आणि हा एकटाच पुढे, रणरणत्या उन्हात, पांढऱ्या पट्टीवर शांतपणे उभा राहील. शेजारच्या आजींच्या नजरेतून ते सुटणार नाही. इथे खगोलशास्त्र आणि पुण्याचा उन्हाळा दोघांनी मिळून विनोद केला. मी फक्त त्यांची गाठ घालून दिली.

म्हणून कच्चा खर्डा झाला की मी एक परीक्षा घेतो. गोष्टीतलं यंत्र काढून घेतलं, परग्रहवासी काढून घेतला, तरी विनोद जसाच्या तसा उभा राहतो का? राहत असेल तर विज्ञान नुसतं लिंबाच्या फोडीसारखं ताटाच्या कडेला बसलंय; ती गोष्ट पुन्हा लिहायची.

हा आग्रह मी मुलांसाठी लिहिताना अधिकच धरतो. प्राध्यापकांच्या फजितीला हसणारी दहा वर्षांची मुलगी हसून झाल्यावर विचारते, ‘पण मग परत येताना पृथ्वी सापडली कशी?’ ती हिशेब तपासते आहे. त्या प्रश्नाला टिकेल असं उत्तर गोष्टीत आधीच पेरून ठेवणं, हे माझं काम.