दाढेवर धरलेली भूमी

लोणी भापकरच्या पुष्करणीजवळ यज्ञवराह उभा आहे. दगडाचा, धिप्पाड, अंगभर कोरलेला. बुडालेली पृथ्वी वराहाने दाढेवर उचलून वर आणली, ही कथा आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. आमचा पट्टा जिरायती. पाऊस फिरकला नाही की घरची तरणी माणसं पुण्या-मुंबईची वाट धरतात. पण जमीन जागची हलत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असतं, बांधावर त्यांनी लावलेलं झाड असतं, भैरवनाथाची यात्रा ठरल्या दिवशी भरते. गेलेल्याला परत यायला जागा असते. म्हणून त्या वराहापुढे हात जोडले की मला कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसऱ्याला आलेली पोलिश माणसं आठवतात. त्यांच्या पायाखालची भूमी बुडाली, आणि ती वर काढायला कोणीच आलं नाही.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चढाई केली, 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. देश दोघांनी वाटून घेतला. पूर्वेच्या वाट्यातल्या घरांवर 10 फेब्रुवारी 1940 च्या कडाक्याच्या थंडीत थापा पडल्या. शेतकरी, वनरक्षक, त्यांच्या बायका, म्हातारे, अंगावरची पोरं. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधून सगळ्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबलं. गाड्या सायबेरियाकडे निघाल्या. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तिच्यात कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकलेली घरं होती. जूनमध्ये तिसरी, पुढच्या उन्हाळ्यात चौथी. ज्या घरातला बाप लष्करी अधिकारी होता, त्या घराला तर तो कुठे आहे हेही कळलं नाही. 1940 च्या वसंतात कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी सुमारे 22 हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून पुरलं होतं. सोव्हिएत सरकारने ते कबूल केलं 1990 साली. मधली पन्नास वर्षं कितीतरी बायका सधवा होत्या की विधवा, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

जून 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि बंदिवानांची दारं उघडली. जनरल आंदेर्सच्या नव्या पोलिश सैन्यामागे ही हाडांची माणसं दक्षिणेला चालू लागली. 1942 साली कास्पियन समुद्र ओलांडून ती इराणच्या पहलवी बंदरात उतरली. अनेकांनी तिथेच मान टाकली. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत त्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. पुरुष आघाडीवर गेले. बायका-मुलांना कोण ठेवून घेणार? जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोरक्या मुलांसाठी घर उभं केलं. आणि 1943 पासून करवीर संस्थानात, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या माळावर, सुमारे पाच हजार पोलिश माणसांचं एक गाव वसलं.

बराकींच्या लांबच लांब रांगा, चर्च, शाळा, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथकं. बर्फातून आलेली मुलं पंचगंगेच्या पाण्यात पोहायला शिकली. क्षयाने पोखरलेल्यांना पाचगणीची हवा मिळाली. शेजारच्या खेड्यांतली माणसं दूध, भाजी, फळं घेऊन छावणीच्या दाराशी येत. भाषा कळत नव्हती, पण लेकरू आजारी असलेल्या आईचा चेहरा वाचायला भाषा लागत नाही.

बायांनो, तुम्ही काय काय सोसलंत! दूध आटलेल्या छातीशी पोर धरून गाडीच्या डब्यात बसलात, वाटेत ते पोर थंड पडलं तर त्याला रुळांच्या कडेला ठेवून पुढे गेलात, कारण दुसरं पोर अजून जिवंत होतं. शेवटी आमच्या लाल मातीत येऊन मुलांना पोलंडचा इतिहास शिकवलात, परत जायचं आहे म्हणून. तुमच्यातल्या काही कोल्हापूरच्या दफनभूमीत कायमच्या राहिल्या. तुमच्या उशाशी जी नावं कोरली आहेत, ती आमच्या जिभेवर नीट बसत नाहीत. तरीही ती आमच्या मातीतली नावं आहेत.

तुमचे नवरे आणि भाऊ तेव्हा इटलीत लढत होते. मे 1944 मध्ये मोंते कासिनोच्या डोंगरावर पोलिश झेंडा चढला. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पोलिश सैन्याने धडक दिली. त्याच नदीवर, त्याच दिवशी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना मारा चुकवत पाठीवरून मागे आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नगर जिल्ह्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा तिथे लढत होता, आणि त्याच आघाडीवर लढणाऱ्या पोलिश शिपायांची लेकरं वळिवड्यात वाढत होती.

युद्ध जिंकलं, घर मात्र हरलं. 1945 साली याल्टाच्या बैठकीत मोठ्या देशांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेला सरकवली. ल्वूफ आणि विल्नो ही शहरं सोव्हिएत संघात गेली. आज पहिलं युक्रेनमध्ये आहे, दुसरं लिथुआनियात. ज्यांना ‘आता घरी जा’ म्हणायचं, त्यांचं घरच परदेशात पडलं. 1948 पर्यंत वळिवडं रिकामं झालं. कोणी इंग्लंडला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला, कोणी आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत, कोणी नव्या सीमांच्या पोलंडमध्ये. त्या बराकींत मग फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात आणि तिथली कापडबाजारपेठ प्रसिद्ध आहे. एका देशाच्या निर्वासितांनी सोडलेल्या छपराखाली दुसऱ्या फाळणीच्या निर्वासितांनी चूल पेटवली.

आता वळिवड्यात वाढलेल्या पोलिश मुलांची नातवंडं पूर्वज शोधत फिरतात. आमच्यातला कोणी त्र्यंबकेश्वरला गेला, की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, वही उघडतात आणि खापरपणजोबांची ओळ दाखवतात. कोल्हापूरकडे हेळवी दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो. या पोलिश नातवंडांना एक वही पुरत नाही. बाप्तिस्म्याची नोंद ल्वूफच्या दफ्तरखान्यात किंवा वॉर्साला, हद्दपारीची नोंद रशियन कागदांत, सैन्यातली लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत, जर्मनांच्या तावडीत सापडलेल्या मामाची जर्मनीतल्या आरोल्सनच्या संग्रहात, आजीच्या शाळेची वळिवड्याच्या यादीत. एकच आडनाव रशियन कारकुनाने एका लिपीत लिहिलं, इंग्रज कारकुनाने दुसरीत. एका माणसाचं आयुष्य जुळवायला कितीतरी देशांचे कागद मांडून बसावं लागतं.

इंदापूर तालुक्यात जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि म्हातारी माणसं नातवंडांना बोटाने दाखवतात, इथे आपला वाडा होता. सीमेखाली गेलेलं गाव असं कुठल्या उन्हाळ्यात वर येत नाही. देऊळ उभं असलं तरी त्यात दुसऱ्यांची प्रार्थना असते, आणि दार उघडणाऱ्या अनोळखी माणसाला आजोबांचं नाव माहीत नसतं.

म्हणून वळिवडं मोलाचं आहे. सगळ्या वाटेवर हाकलली गेलेली ही माणसं जिथे पाच वर्षं निवांत जगली, शिकली, नाचली, लग्नं केली, ते हे ठिकाण. कितीतरी पोलिश घरांत आजीच्या बालपणाची एकमेव हसरी छायाचित्रं आपल्या माळावर काढलेली आहेत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, वॉर्सात कोल्हापूरचं आहे. दगड दोन्हीकडे उभे राहिले. पण दगड पूर्वज शोधून देत नाहीत. माणसांच्या आठवणी शोधून देतात, आणि त्या झपाट्याने संपत चालल्या आहेत. छावणीला दूध घालणारी, तिथल्या पोरांशी खेळलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास किंवा पुढे आहेत.

कोल्हापूर, करवीर, हातकणंगल्याच्या वाचकांनो, तुमच्या घरात असं कोणी असेल तर आज त्यांच्याजवळ बसा. कुठल्या बराकीत कोण राहायचं, कोणाला काय नावाने हाक मारायचे, कोण आजारी पडलं, कोणाला कुठे पुरलं, सगळं विचारा आणि लिहून काढा. जुन्या पेटीत एखादा परका चेहरा असलेला फोटो असेल तर टाकून देऊ नका; मागे साल आणि गाव लिहा. मेलबर्नमध्ये किंवा लंडनमध्ये कोणीतरी तो चेहरा शोधत आहे. आपण त्यांना एकदा आसरा दिला. आता त्यांची माणसं त्यांना शोधून द्यायचं कामही आपलंच आहे.