शिट्टी आणि रुमाल

आदिलाबादला आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी फुटबॉल चालायचा. माझा दादा कर्णबधिर. शिट्टी वाजली तरी धावतच राहायचा. पोरं हसायची. एकदा मीच त्याला खुणेनं सांगितलं, "बाहेर बस." तो बसला.

कॉलेजात आल्यावर वाचलं, ग्लासगोच्या कर्णबधिरांनी १८७१ मध्येच स्वतःचा फुटबॉल क्लब काढला होता. १९२४ मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले आंतरराष्ट्रीय खेळ भरले, ९ देश आले, फुटबॉलही झाला. आज त्यांच्या सामन्यात पंच झेंडा हलवून खेळ थांबवतात.

नाताळच्या सुट्टीत घरी गेलो. दादाला मैदानावर ओढत नेलं. फाऊल झाला, तसा रुमाल हलवला. दादा थबकला, मग हसला.

रुमाल तर तेव्हाही माझ्या खिशात होता.