एकच पान

पहिला पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की बाबा मला दहिवलीबाहेरच्या मुरमाड उतारावर घेऊन जात. ते रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, त्या कामावर. रात्रपाळी संपवून ते घरी येत आणि चहादेखील न घेता म्हणत, “चल, आली का ती, बघू.”

ती म्हणजे एक लहानशी आमरी. ऑर्किड म्हटले की आपल्याला फुलवाल्याकडची जांभळी फुले आठवतात, नाहीतर आंब्याच्या फांदीवरून लोंबणारे तुरे. ही मात्र मातीतली. भुईला चिकटून एकच गोलसर, हृदयाकृती पान. त्यातून जेमतेम वीतभर दांडा आणि त्यावर दोन-चार शुभ्र फुले. पावसाळा सरण्याआधीच ती दिसेनाशी होते आणि उरलेले वर्ष मातीखाली कंदाच्या रूपाने काढते.

तिचे शास्त्रीय नाव हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. एवढ्याशा जिवाला एवढे नाव! ते १९३२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाशी निगडित असलेले स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅकॅन यांनी दिले. पुढे फादर सांतापाव या स्पॅनिश येशूसंघीयांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. खंडाळा म्हणजे आमच्या डोक्यावरचाच घाटमाथा. झगा सावरीत चिखलात गुडघे टेकणारे ते धर्मगुरू माझ्या डोळ्यांपुढे अनेकदा उभे राहतात.

बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी मी खुरपे घेऊन एकटीच गेले. सात-आठ रोपे होती. त्यांतले सर्वांत भरलेले मी कंदासकट उकरले, कुंडीत लावले आणि त्यांच्या खिडकीत ठेवले. बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “आणायला नको होती, बाळ.”

चार दिवसांत फुलांनी माना टाकल्या. पुढच्या जूनमध्ये कुंडीत गवताखेरीज काही उगवले नाही. तोवर बाबाही राहिले नव्हते.

कारण मला फार उशिरा कळले. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. मातीतल्या विशिष्ट बुरशीने पोसले तरच ते रुजते, आणि मोठेपणीही हा संबंध बहुधा सुटत नाही. माझ्या शेणखत घातलेल्या कुंडीत ती बुरशी कोठून असणार? शिवाय उतारावरचे पाणी वाहून जाते; कुंडीत ते साचले आणि कंद कुजला असावा. मी माया करून पाणी घालीत होते.

गेल्या पावसाळ्यात नातवाला घेऊन गेले. निम्मा उतार सपाट करून तेथे बंगल्यांचे प्लॉट पाडले आहेत. उरलेल्या भागात मी मोजली, पाच रोपे. एकालाच फूल होते. नातवाने ते खुडण्यासाठी हात पुढे केला. मी त्याचे मनगट धरले, जरा अधिकच जोराने. तो रडू लागला. मग त्याला मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळ त्या ओल्या मुरमावर बसून राहिले.