मुकी झालेली डबी

आमच्या लहानपणी घरातला ऐवज पत्र्याच्या पेटीत असे. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि एखाददुसरा फोटो. आज तोच ऐवज तळहाताएवढ्या डबीत मावतो. तिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतात. ही डबी एखाद्या दिवशी मुकी होते आणि सारे घर घाबरे होते.

मी कारकून माणूस. बी.कॉम.ला हे काही शिकवले नव्हते. पण दिवसा कार्यालयातला संगणक आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचे फॉर्म, यामुळे अशा बऱ्याच डब्या हाताखालून गेल्या. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी पदराखाली अशीच एक घेऊन आल्या. त्यांचे यजमान २०२१ साली करोनात गेले. लेकीच्या लग्नाचे फोटो, यजमानांचे बोलणे-चालणे, नोकरीचे कागद, सारे तीत. एका दुकानदाराने पाहताक्षणी ‘डिस्क खलास’ म्हणत माहिती काढायचे बारा हजार सांगितले होते. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात.

“भाऊजी, एकदा बघा तरी,” म्हणाल्या.

डबी लावली की दिवा लागे, आतून टक्‌टक्‌ होई आणि सारे थंड. बंधू-भगिनींनो, या डबीत खरोखरच तबकडी फिरते. सुरुवातीला गती घेताना ती नेहमीपेक्षा जास्त वीज ओढते. अडीच इंची डिस्कला वेगळा प्लग नसतो. माहिती आणि वीज एकाच वायरीतून जातात. युएसबी २ च्या खाचेतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर आणि युएसबी ३ मधून ९०० हे ठरलेले प्रमाण. वायर लांब किंवा बारीक असली, किंवा एकाच हबवर माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह सारे लटकवले, तर डिस्कच्या वाट्याला वीज कमी येते. नळाला दाब नसला की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच हे.

वहिनींचा मुलगा दोन मीटरची वायर वापरी आणि तीही संगणकाच्या पुढच्या खाचेत. मी हातभर लांबीची चांगली वायर आणली आणि मागच्या, थेट मुख्य बोर्डावरच्या खाचेत लावली. टक्‌टक्‌ थांबली, तबकडी घुमू लागली. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले तर ‘नाही’च म्हणावे. कधी डिस्क असते, पण तिला अक्षर मिळालेले नसते; विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते देता येते. आणि चांगली वायर लावून, दुसऱ्या संगणकावरही टक्‌टक्‌ चालूच राहिली, तर मात्र डबी ताबडतोब काढावी. पुन्हा पुन्हा लावून पाहू नये, घरी उघडू तर मुळीच नये. धुळीचा कण तबकडीला पुरतो. तेव्हा जाणकाराकडे जावे आणि दर आधी लिहून घ्यावा.

त्या रात्री आधी लग्नाचे फोटो उतरवले, मग कागद. एका चित्रफितीत यजमान मांडववाल्याशी भाड्यावरून वाद घालत होते. वहिनी हसल्या, मग बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसरी प्रत आता लेकीच्या घरी आहे.