तुम्ही व्हा पुढे

दिवा पूर्वेच्या आमच्या चाळीतून दर श्रावणात चार-सहा जण पायी भीमाशंकरला जायचे. पायी म्हणजे दिव्यापासून नव्हे. धिम्या लोकलने कल्याण, तिथून कर्जतची गाडी पकडून नेरळ, पुढे कशेळेवरून टमटमने खांडस आणि खांडसहून घाट चढून वर. माझे मामा या टोळक्यातले सगळ्यात जुने. २०१४ साली ते छप्पन्न वर्षांचे होते.

जूनमध्ये त्यांनी आपल्या लांब दांड्याच्या काळ्या छत्रीच्या दोन काड्या बदलून घेतल्या. मी बरोबर होतो. छत्रीवाल्याने पांढऱ्या ऑइलपेंटची डबी उघडली आणि नाव विचारलं. मामा म्हणाले, "नाव नको, दिवा पूर्व लिही. नावं सतरा जणांची सारखी असतात. हरवलेली छत्री गावाच्या नावाने परत येते." छत्रीवाला हसला. त्याने 'दिवा पूर्व' असं लिहिलं, त्यातल्या 'र्व'चा रफार जरा ओघळला. मामांनी तो पुसू दिला नाही.

२८ जुलै हा श्रावणातला पहिला सोमवार. खांडसहून दोन वाटा चढतात. शिडीघाट जवळचा, पण लोखंडी शिड्यांचा. गणेशघाट लांबचा आणि सोपा. पावसात मामा नेहमी गणेशघाटानेच जात. दोन्ही वाटा वर पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर येतात आणि तिथून पुढचा खडा चढ लागतो. पदरापर्यंत चौघं एकत्र होते. मामा एका दगडावर टेकले, चंची काढली आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी तंबाखू मळून आलोच."

हे वाक्य मी तिघांकडून निदान पन्नास वेळा ऐकलंय. त्यात एका अक्षराचा फरक पडत नाही. बाकी सगळ्यात पडतो. किती वाजले होते, धुकं किती होतं, मागून दुसरी मंडळी येत होती की नव्हती, हे तिघं तीन तऱ्हेने सांगतात.

वर देवळात दर्शनाची रांग होती. दोघांना वाटलं, मामा रांगेत मागे असतील. तिसऱ्याला वाटलं, गुडघा दुखला म्हणून खाली वळले असतील. पाऊस वाढला, तेव्हा तिघं एसटीने मंचरकडून परतले. रात्री साडेअकराला मामीने दारातून विचारलं, "हे कुठायत?" आणि त्यांनी मामीलाच विचारलं, "अजून आले नाहीत?" जंगलात माणूस हरवतो म्हणजे काही थरारक घडतं, असं मला आधी वाटायचं. प्रत्येकाला वाटतं की तो दुसऱ्याबरोबर आहे, एवढंच घडतं.

मंगळवारी आम्ही पाच जण खांडसला गेलो. पाड्यावरचे एक म्हातारबाबा बरोबर आले. ते म्हणाले, "चकवा लागला आसंल." आमच्यातला एक चिडला, त्याला ती भुताखेताची गोष्ट वाटली. बाबांनी त्याला पदरावर नेऊन उभं केलं. दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. पायवाटेला पाच-सहा ढोरवाटा फुटलेल्या, सगळ्या सारख्याच मळलेल्या, सगळ्या सारख्याच चिखलाच्या. गुरांच्या वाटेला कुठे जायचं नसतं, ती चरत चरत जाते. "हितून तुमी निघा बरं," बाबा म्हणाले. तो निघाला आणि काही मिनिटांनी आमच्याच पाठीमागून आला.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. वाट चुकलेला शहरी माणूस पाण्याच्या आवाजाने ओढा धरून उतरतो, कारण पाणी गावाकडे जातं असं त्याने ऐकलेलं असतं. सह्याद्रीच्या या अंगाला ओढा कड्यावर जाऊन संपतो. तिथून परत चढता येत नाही आणि उतरता तर येतच नाही. अशा दोन ओढ्यांच्या तोंडाशी आम्ही झोपून खाली हाका मारल्या. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता.

मग पोलीस. डोंगराचा माथा पुणे जिल्ह्यात, पायथा रायगडात, आम्ही ठाणे जिल्ह्यातले. एका ठिकाणी सांगितलं, चोवीस तास थांबा. असा कुठलाही कायदा नाही, हे मला पुढे कळलं. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, नेमके वर हरवले की खाली? ते माहीत असतं तर आम्ही आलो कशाला असतो? कागदावर 'मनुष्य मिसिंग' अशी नोंद झाली, तेव्हा बुधवारची सकाळ उजाडली होती.

ती बुधवारची सकाळ म्हणजे ३० जुलै २०१४. त्याच डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. एनडीआरएफ, पोलीस, महसूल, डॉक्टर, जेसीबी, सगळं तिकडे वळलं आणि वळायलाच हवं होतं. एका माणसासाठी इकडे कोण येणार? मला त्याचा राग कधी आला नाही. पण मामीसमोर माळीणचं नाव काढायला मी आजही कचरतो. भीमाशंकरचं अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचं आहे. आम्ही आमच्या पायांनी त्यातलं किती बघणार? दिवाळीपर्यंत दर रविवारी गेलो. गवत वाळल्यावर नीट दिसेल, असं बाबा म्हणाले होते. गवत वाळलं. दिसलं काही नाही.

दिव्याला माणूस नाहीसा होणं नवीन नाही. इथे रूळ आहेत आणि खाडी आहे. पण दोन्ही माणूस परत देतात, कोणत्याही अवस्थेत का होईना. पहिली चार-पाच वर्षं मला फोन यायचे. बेवारस मृतदेह आहे, वर्णन जुळतंय, येऊन बघा. मामांच्या उजव्या पायात, गुडघ्याखाली, जुन्या अपघाताचा रॉड होता. मी शवागारात गेलो की आधी तो पाय बघायचो, मग चेहरा. बाहेर येऊन मामीला फोन करायचो, "नाहीत." ती म्हणायची, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ लावायचं मी सोडून दिलं.

कायद्यात अशा माणसासाठी सात वर्षं आहेत. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ सांगायचं की, ज्यांना खबर मिळायला हवी होती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर माणूस हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. नव्या साक्ष अधिनियमातही तेच आलंय. पण तो कधी वारला, हे त्यात गृहीत धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विम्याच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलंय. त्याचा घरगुती अर्थ असा, की नवऱ्याच्या पॉलिसीचा हप्ता मामी सात वर्षं भरत राहिली. पोळी-भाजीचे डबे करून भरला. मग आम्ही दिवाणी कोर्टात दावा लावला.

मोठ्या आपत्तीत हरवलेल्यांची निदान यादी होते. केदारनाथच्या २०१३च्या प्रलयानंतर सरकारने सात वर्षं न थांबता बेपत्तांचे मृत्यूचे दाखले दिले. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. चौथ्या दिवशी शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. टीव्हीवर तो आकडा आला तेव्हा मामी भाजी निवडत होती. "सत्तावन्न घरांत आता हेच," एवढंच म्हणाली. घरं तेवढी नव्हती, पण मी दुरुस्ती केली नाही.

भटजींनी बारा वर्षं सांगितली होती. बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करायचा. या श्रावणात ती होतायत. मामीने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. कुंकू लावते. कोर्टाचा कागद आणि रेशनकार्ड एकाच पिशवीत ठेवते.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये पेपरात एक बातमी होती. ८ जून १९२४ला एव्हरेस्टवर मॅलरीबरोबर दिसेनासा झालेला अर्विन, त्याचा बूट आणि आत पाऊल, हिमनदीवर सापडलं. मोज्यावर त्याचं नाव शिवलेलं होतं. शंभर वर्षांनी. मी मामीला बातमी वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "छत्रीचं कापड कुजलं असेल. पण ऑइलपेंट राहतो ना रे?"

खांडस, पदरवाडी, शिडीघाट, भीमाशंकरच्या खालचे ओढे, या बाजूला तुम्ही जात असाल तर एवढं करा. लांब दांड्याची काळी छत्री, काड्या गंजलेल्या, कापडाचा तुकडा उरला असेल तर त्यावर पांढऱ्या रंगात 'दिवा पूर्व', रफार ओघळलेला. दिसली तर उचलू नका. जागेचा फोटो काढा आणि खालच्या गावात पोलीस पाटलाला दाखवा.