टपोरे बी आणि गाठ

पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासा, नुसत्या टपोरेपणावर जाऊ नका, हे सांगत माझी उमेदीची वर्षे गेली. घरच्या आजारात मात्र मीच ते विसरलो.

थोरल्या बंधूंना, अण्णांना, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. शिरेतून औषध टोचून स्कॅन काढला. 'लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत,' असा अहवाल आला. मी वहिनींना म्हणालो, "रोग पसरलेला नाही, निर्धास्त राहा." शस्त्रक्रियेत काढलेल्या दोन ग्रंथींत मात्र कर्करोग सापडला. वहिनी काही बोलल्या नाहीत; मलाच त्यांच्याकडे पाहवेना.

मग डॉक्टरांनी समजावले. असा स्कॅन मुख्यतः आकार पाहतो. बारीक ग्रंथीतही रोग असू शकतो. बोस्टन आणि नेदरलँड्समधील नायमेखेन येथील डॉक्टरांनी २००३ साली यावर एक वाट दाखवली. लोहाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय काढायचा. निरोगी ग्रंथीतील पेशी ते कण गिळतात, म्हणून ती काळी दिसते. रोगट भाग उजळच राहतो. ८० रुग्णांच्या तपासणीत रोगट ग्रंथींपैकी सुमारे ९० टक्के ओळखू आल्या. साध्या एमआरआयने ३५ टक्केच. ही तर उगवणचाचणीच झाली!

ती अजून सर्रास होत नाही. म्हणून अहवालातील 'वाढ नाही' हे 'रोग नाही' असे वाचू नका. डॉक्टरांना नीट विचारा.

अण्णांचे पुढचे उपचार सुरू आहेत. यंदा गोणपाटावरचे दाणे त्यांनीच मोजले.